वाचक विचारतात : साथीचा माग काढणारी माणसं आफ्रिकेत कशी घडवतात?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं, की नायजेरिया, युगांडा, इथिओपियासारख्या देशांत जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीवर ठेवूनच साथरोगशास्त्र शिकवतात आणि त्यांच्यातूनच सार्वजनिक आरोग्याचं पुढचं नेतृत्व उभं राहतं. त्यावर अलिबागपासून देवगडपर्यंतच्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतले काही निवडक, उत्तरांसह.

सार्वजनिक आरोग्यातलं नेतृत्व म्हणजे नक्की कोण? मंत्री, सचिव, की डॉक्टर? आणि नेतृत्व शिकवता येतं का?
— वैद्यकीय विद्यार्थी, चिपळूण

इथे नेतृत्व म्हणजे सगळ्यात आधी तो माणूस, ज्याच्याकडे जिल्ह्यात पहिली विचित्र तापाची बातमी येते आणि अर्धवट माहितीवर ज्याला त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो. तो डॉक्टरच असेल असं नाही. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, स्वच्छता निरीक्षक, पशुवैद्य यांतलं कुणीही असू शकतं. अशीच माणसं दहा-पंधरा वर्षांनी राष्ट्रीय संस्थांच्या वरच्या खुर्च्यांवर पोहोचावीत, अशी या प्रशिक्षणाची आखणी आहे.

याचं मूळ अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या साथरोग तपास सेवेत आहे. त्या धर्तीवर थायलंडने १९८० मध्ये स्वतःचा कार्यक्रम उभा केला. आफ्रिकेत झिंबाब्वेने १९९३ मध्ये आणि युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठाने १९९४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने 'भिंतींविना शाळा' ही कल्पना आणली : वर्ग कमी, जिल्ह्यातलं काम जास्त. पुढे केनिया (२००४), दक्षिण आफ्रिका (२००६), नायजेरिया (२००८), इथिओपिया (२००९) यांनी क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे कार्यक्रम सुरू केले. २००५ मध्ये या कार्यक्रमांना जोडणारं 'आफेनेट' हे जाळं स्थापन झालं; त्याचं मुख्यालय युगांडातल्या कंपाला इथे आहे.

आज या प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली तीन महिन्यांची, तालुका-जिल्हा पातळीच्या कर्मचाऱ्यांसाठी. दुसरी साधारण नऊ महिने ते वर्षभराची. तिसरी पूर्ण दोन वर्षांची. तिच्यात किमान तीन चतुर्थांश वेळ क्षेत्रात जातो आणि बऱ्याच देशांत तिला पदव्युत्तर पदवी जोडलेली असते. दर दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ हवा, असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे तिथे चार-पाच माणसं हवीत. रत्नागिरीची सोळा लाखांवर, म्हणजे आठ.

नेतृत्व शिकवता येतं का, याला आमचं उत्तर स्पष्ट आहे : येतं, पण व्याख्यानाने नाही. खरी साथ, खरी आकडेवारी, खरा दबाव आणि शेजारी उभा असलेला अनुभवी मार्गदर्शक, या चारही गोष्टी एका वेळी मिळाल्या तरच.

आमच्याकडेही प्रशिक्षणं भरपूर होतात. दिवसभर पडद्यावर स्लाइड, दुपारचं जेवण, संध्याकाळी हजेरीपटावर सही. मग तिकडच्या तीन महिन्यांत वेगळं काय होतं?
— आरोग्यसेवक, मालवण तालुका

तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर सांगतो. तीन महिन्यांत वर्गातले दिवस जेमतेम बारा-पंधरा. सुरुवातीला आठवडाभराची कार्यशाळा, मग चार-पाच आठवडे आपापल्या जागी काम, पुन्हा कार्यशाळा, पुन्हा काम, आणि शेवटी आपल्या कामाचं सादरीकरण. कर्मचारी आपलं केंद्र सोडत नाही, पगार चालू राहतो. जे करायचं ते स्वतःच्या रजिस्टरवर करायचं. तीन ते पाच जणांमागे एक मार्गदर्शक असतो आणि तो केंद्रावर येऊन रजिस्टर उघडून बघतो. हा माणूस या कार्यक्रमाचा कणा आहे. मार्गदर्शक नुसता फोनवर असला, की प्रशिक्षण कोलमडतं.

पहिलं काम माहितीची तपासणी. एक आजार घ्यायचा, समजा जुलाब. गेले चार आठवडे घ्यायचे. ओपीडी रजिस्टरमधल्या नोंदी स्वतः बोट ठेवून मोजायच्या आणि वर पाठवलेल्या साप्ताहिक अहवालाशी ताडून बघायच्या. रजिस्टरात २३ आणि अहवालात १४ असतील, तर ६१ टक्केच आजार वर पोहोचला. आता कारण शोधायचं, आणि 'कर्मचारी निष्काळजी' हे कारण धरायचं नाही. सहसा सापडतं ते असं : एकाने 'जुलाब' लिहिलं, दुसऱ्याने 'लूज मोशन', तिसऱ्याने नुसतं 'जीई', आणि मोजणाऱ्याने फक्त पहिला शब्द मोजला. रात्री आलेले रुग्ण वेगळ्या वहीत गेले. आठवडा सोमवार ते रविवार धरायचा, तो कुणी गुरुवार ते बुधवार धरला. 'का' हा प्रश्न चार-पाच वेळा विचारत गेलं, की खालचं खरं कारण हाती लागतं आणि बहुतेकदा त्यावरचा उपाय बिनपैशाचा असतो.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरकही इथेच पक्का होतो. रुग्ण नव्हते म्हणून शून्य लिहिणं वेगळं आणि अहवालच न आल्यामुळे रकाना रिकामा राहणं वेगळं. वर बसलेला माणूस दोन्ही सारखेच समजला, तर साथ तीन आठवडे दडून राहू शकते.

दुसरं काम रुग्णयादीचं, ज्याला सगळे लाइन लिस्ट म्हणतात. एका ओळीत एक रुग्ण. रकाने : वय, लिंग, वाडी, पहिलं लक्षण सुरू झालं ती तारीख, दवाखान्यात आला ती तारीख, पिण्याचं पाणी कुठलं, नमुना घेतला का, निकाल काय, रुग्ण बरा झाला का. सर्वांत जास्त चूक होते ती तारखेत. बहुतेक जण नोंदणीची तारीख लिहितात. पण साथीचा आलेख लक्षण सुरू झाल्याच्या तारखेवर काढायचा असतो. पाच दिवसांत हळूहळू आजारी पडलेले लोक सोमवारी एकदम दवाखान्यात आले आणि तुम्ही ती तारीख धरली, तर आलेखात एकच उंच खांब दिसेल, सगळ्यांना एकदमच लागण झाली असं वाटेल आणि तुम्ही रविवारच्या जेवणावळीच्या मागे लागाल.

आलेखाचे खांब किती दिवसांचे घ्यायचे, यालाही नियम आहे : आजाराच्या अधिशयन काळाच्या, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंतच्या काळाच्या, साधारण पाव ते एक तृतीयांश. कॉलऱ्यात हा काळ काही तास ते पाच दिवस, म्हणून खांब एका दिवसाचा किंवा त्याहून लहान. लेप्टोत बहुधा पाच ते चौदा दिवस, म्हणून दोन-तीन दिवसांचा.

तिसरं काम प्रत्यक्ष तपासाचं. रुग्ण आढळला की त्याच्या घरी जायचं आणि लेखी अहवाल द्यायचा. अहवाल एक-दोन पानांचाच, आणि त्यात शिफारस अशी हवी की कुणी, काय, कधीपर्यंत करायचं हे तिच्यात लिहिलेलं असेल. 'जनजागृती करावी' ही शिफारस मार्गदर्शक परत पाठवतात, आणि बरोबरच करतात.

बिघडतं कुठे? कर्मचाऱ्याला मध्येच लसीकरण मोहिमेवर नेतात. गाडीच्या डिझेलचे पैसे येत नाहीत. विश्लेषण होतं, पण जिल्ह्याच्या बैठकीत ते मांडायला वेळ मिळत नाही. म्हणून चांगल्या कार्यक्रमांत पहिल्याच कार्यशाळेला प्रशिक्षणार्थीच्या वरिष्ठालाही बोलावतात आणि तीन महिन्यांत त्याने कुठली कामं सोडायची, हे आधी ठरवून घेतात.

यात पशुवैद्य कशाला?
— शिक्षिका, अलिबाग

कारण रेबीज, अँथ्रॅक्स, रिफ्ट व्हॅली ताप हे आधी जनावरात दिसतात, मग माणसात. केनियासारख्या देशांत पशुवैद्य आणि डॉक्टर एकाच तुकडीत शिकतात. आपल्याकडे २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप आला, तेव्हा जंगलात मरून पडलेली माकडं हीच पहिली सूचना मानायची, हे काजूच्या बागांतल्या सगळ्यांनाच शिकावं लागलं. मेलेल्या माकडाची बातमी वन खात्याकडून आरोग्य खात्याकडे किती तासांत जाते, हा तिथला खरा प्रश्न.

आमच्या ग्रामपंचायतीत दर पावसाळ्यात एखाद्या वाडीत जुलाबाची साथ येतेच. ही पद्धत आम्ही वापरू शकतो का?
— ग्रामपंचायत सदस्य, राजापूर तालुका

नक्की वापरू शकता. एका काल्पनिक वाडीवर करून दाखवतो.

वाडीत २४० माणसं. आधी व्याख्या ठरवा : '१५ जूनपासून या वाडीत राहणाऱ्या ज्या कुणाला २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झाले, तो रुग्ण.' व्याख्येत जागा, काळ आणि लक्षण तिन्ही हवीत आणि तपास संपेपर्यंत ती कुणाच्या आग्रहाखातर बदलायची नाही. मग आशाताईंना बरोबर घेऊन घरोघर जा. दवाखान्यात आलेल्यांपुरतं थांबू नका. समजा १८ रुग्ण सापडले. २४० पैकी १८, म्हणजे साडेसात टक्के.

आता पाणी. वरच्या विहिरीचं पाणी १२० जण पितात, त्यांतले १६ आजारी : १३.३ टक्के. खालच्या विहिरीचं १२० जण पितात, त्यांतले दोन आजारी : १.७ टक्के. वरच्या विहिरीवाल्यांना आजाराचा धोका आठपट. नुसते 'वर १६, खाली २' हे आकडे पुरत नाहीत; किती जणांपैकी, हे खाली लिहिल्याशिवाय तुलना होत नाही. नवशिक्यांची हीच चूक जगभर आढळते.

पुढची पायरी लोक विसरतात. त्या खालच्या दोघांकडे जा. ते वरच्या अंगाच्या शाळेत जातात का? तिथलं पाणी पितात का? वरच्या विहिरीचं पाणी पिऊनही धडधाकट राहिलेल्यांना विचारा, पाणी उकळता का? आणि वरच्या घरांतलेच लोक कुठल्या पूजेच्या प्रसादाला एकत्र जेवले होते का, हेही विचारा, नाहीतर दोष प्रसादाचा आणि बदनाम विहीर.

कोकणात एक खास अडचण आहे : 'किती जणांपैकी' हा आकडाच हलता असतो. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की वाडी दुप्पट होते. तेव्हा जुन्या यादीवर टक्केवारी काढली तर ती फुगते. उलट मिरकरवाड्यासारख्या बंदरात बोटींवरचे परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागांतले राखणदार, हे कुठल्याच घरयादीत नसतात. ते आजारी पडले तर दिसत नाहीत आणि मोजलेही जात नाहीत. युगांडात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट सरोवरांच्या काठच्या मासेमारी वस्त्यांत कॉलरा वारंवार येतो, तिथेही माणसं बोटींबरोबर हलत राहतात. तिथल्या प्रशिक्षणार्थींना गावाची छापील यादी सोडून थेट बोटी लागतात त्या धक्क्यावर मोजणी करावी लागते. आपल्या मच्छीमार सोसायट्यांकडे बोटीगणिक खलाशांचा आकडा मिळतो. पावसाळा संपून बोटी पाण्यात गेल्या, की तो आशाताईंच्या वहीत यायला हवा.

आणि नमुन्याच्या निकालाची वाट बघत बसू नका. नमुना घेतला, की विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलं पाहिजे. ताजी, ३३ टक्के क्लोरीनची पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहीर ३ मीटर व्यासाची आणि पाणी ४ मीटर खोल असेल, तर ३.१४ × ३ × ३ × ४ भागिले ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. पावडर ७० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळ विहिरीत सोडा, पाणी ढवळा, तासाभराने ओटी टेस्ट घ्या, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून तपासा. रंग ०.५ पीपीएमच्या (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) खाली असेल तर मात्रा पुन्हा. बिघडतं ते पावडरमुळे : पावसाळ्यात उघड्या पिशवीतली टीसीएल दमट होते, क्लोरीन उडून जातो आणि वजन बरोबर भरूनही पाणी तसंच राहतं. मग सगळे म्हणतात, 'टीसीएल टाकली होती हो!'

एवढं करून प्रत्यक्षात फायदा झाला, याचा पुरावा काय?
— निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

लागोसचं उदाहरण घ्या. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. त्याला इबोला होता. खासगी रुग्णालयातल्या डॉ. अमेयो अदादेवोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दबाव झुगारून त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. पुढे त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला.

पोलिओसाठी उभं केलेलं आपत्कालीन केंद्र काही दिवसांत इबोलाकडे वळवलं गेलं आणि क्षेत्रीय साथरोगशास्त्र शिकलेली माणसं संपर्क शोधायला लागली. एकूण ८९४ संपर्क सापडले. प्रत्येकाला शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस रोज भेटायचं, ताप मोजायचा. ८९४ गुणिले २१ म्हणजे १८,७७४, आणि प्रत्यक्षात झालेल्या भेटी सुमारे १८,५००. आम्हाला या साथीत सर्वांत मोठा वाटतो तो हा आकडा, कारण दारोदार रोज तेच काम शेवटपर्यंत झालं, हे तो सांगतो. तरी एक संपर्क नजरेतून सुटून पोर्ट हारकोर्टला गेला आणि साथ दुसऱ्या शहरात पोहोचली. शेवटी २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबर २०१४ ला देश इबोलामुक्त. त्याच साथीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून २८ हजारांवर रुग्ण आणि ११ हजारांवर मृत्यू झाले.

श्रेय एकट्या प्रशिक्षणाचं नाही. नायजेरियाकडे पोलिओचं केंद्र, गाड्या आणि सरावलेली माणसं तयार होती. आणि प्रशिक्षण असूनही उशीर होतोच : युगांडात २०२२ मध्ये इबोलाची साथ २० सप्टेंबरला जाहीर झाली, पण मागे जाऊन बघता संशयास्पद मृत्यू ऑगस्टपासूनच होत होते. तिथे १४२ रुग्णांचं निदान पक्कं झालं आणि ११ जानेवारी २०२३ ला साथ संपली. असा उशीर मोजण्यासाठी आता ७-१-७ हा हिशेब वापरतात : साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ओळखायची, एका दिवसात कळवायची, पुढच्या सात दिवसांत सुरुवातीचे उपाय पूर्ण करायचे. तिन्हीपैकी कुठे आणि का वेळ गेला, ते प्रत्येक साथीनंतर लिहून ठेवायचं. हा कागद आपल्या तालुका बैठकीतही चालेल, त्याला खर्च नाही.

शिकलेली माणसं परदेशात निघून गेली तर सगळं फुकटच ना?
— वाचक, दापोली

हा धोका खरा आहे. पण परदेशापेक्षा मोठी गळती देशातल्या देशातच होते : जिल्ह्यात शिकलेला माणूस राजधानीत जातो किंवा जास्त पगारावर एखाद्या देणगीदार संस्थेकडे जातो. त्याची कारणं साधी आहेत. दोन वर्षं शिकून परत आल्यावर पद तेच, पगार तोच आणि कधीकधी बदली अशा विभागात, जिथे या शिक्षणाचा उपयोगच नाही. ज्या देशांनी सेवाश्रेणीत साथरोगतज्ज्ञाचं वेगळं पद निर्माण केलं, तिथे माणूस टिकण्याची शक्यता वाढते. नेमणुकीचा आदेश प्रशिक्षण सुरू होण्याआधी निघायला हवा. संपल्यावर शोधाशोध केली, की उशीर झालेला असतो.

दुसरा धोका पैशाचा. हे बरेचसे कार्यक्रम अमेरिकी मदतीवर उभे राहिले. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवायचा आदेश काढला, तेव्हा ही टेकू किती कच्ची होती ते सगळ्यांना दिसलं. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ मध्ये अबुजा इथे अर्थसंकल्पाच्या १५ टक्के आरोग्यावर खर्च करायचं ठरवलं होतं. फार थोड्या देशांनी ते पाळलं. मार्गदर्शकांचे पगार आणि डिझेल एवढं तरी देशाच्या स्वतःच्या तिजोरीतून आलं पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

मुलगी बीएएमएस झाली आहे. तिला या क्षेत्रात जायचंय. आफ्रिकेत जाऊन शिकता येईल का?
— पालक, देवगड

येईल. २०१५ साली स्थापन झालेलं, रवांडातल्या बुतारो इथलं युनिव्हर्सिटी ऑफ ग्लोबल हेल्थ इक्विटी परदेशी विद्यार्थी घेतं आणि तिथे इंग्रजीतून शिकवतात. मकेरेरे आणि जोहान्सबर्गचं विटवॉटर्सरँड विद्यापीठ यांची सार्वजनिक आरोग्याची विद्यालयंही जुनी आणि नावाजलेली आहेत. सेनेगल, माली, काँगोसारख्या देशांत काम करायचं असेल तर फ्रेंच आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगीज लागेल; ती भाषा अर्ज करायच्या आधी शिकायला घ्यावी.

पण तिने आधी इथे पाया घालावा. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत क्षेत्रीय साथरोगशास्त्राचं दोन वर्षांचं प्रशिक्षण २००१ पासून चालतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रातला दोन वर्षांचा साथरोग तपास अधिकारी कार्यक्रम २०१२ पासूनचा आहे. प्रत्येकाच्या पात्रतेच्या अटी वेगळ्या आहेत. बीएएमएस पदवी कुठे चालते आणि किती वर्षांची नोकरी मागतात, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून मगच अर्ज करावा. तोवर चेन्नईच्याच संस्थेचा आरोग्य संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम करता येईल. त्याच्या बरोबरीने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन एका आजाराची चार आठवड्यांची रजिस्टर-तपासणी तिने स्वतः करावी. रुग्णांची नावं केंद्राबाहेर नेऊ नयेत, आकडेच उतरवावेत. मुलाखतीत 'तुम्ही आजवर कुठल्या माहितीवर काम केलं' असं विचारलं, तर ते दोन पानी काम तिला समोर ठेवता येईल.